काबा पाठीमागे होता

त्या काळात मी नमाज चुकवत नव्हतो, पण ती हजेरी लावल्यासारखी. अल्लाशी माझं बोलणं जवळजवळ तुटलंच होतं. धाकटा भाऊ हनीफ तीन वर्षं बेपत्ता होता आणि बहरीनमध्ये, बुसैतीनच्या मशिदीत, रोज पहाटे फजरच्या नमाजेला मी एकच दुआ मागत होतो: तो सुखरूप घरी येऊ दे. उत्तर येत नव्हतं. भेटेल तो म्हणे, सबर कर. सबर करायला सांगणाऱ्याचा स्वतःचा भाऊ बहुधा घरात जेवायला बसलेला असतो, हे मला तेव्हा कळून चुकलं होतं.

आम्ही रत्नागिरीकडचे, खाडीकाठचे. पुरुषांनी बोटीवर जायचं आणि बायकांनी वाट पाहायची, ही आमच्याकडची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. मी तेवढा बहरीनच्या राजधानीत, मनामात, एका शिपिंग एजंटच्या ऑफिसात क्लार्क झालो आणि जमिनीवर राहिलो. हनीफलाही मागून बोलावून घेतलं. काही महिने तो तिथंच जवळ, हिद्दला, लाकडी लाँच दुरुस्त करणाऱ्यांकडे राबला, मग एका मालवाहू बोटीवर खलाशी म्हणून गेला. रॉटरडॅमच्या बंदरात त्याचं बोटीवरच्या अधिकाऱ्याशी वाजलं. तो चिडून उतरला तो परतलाच नाही. बोटवाल्यांनी कानावर हात ठेवले. पळालेल्या खलाशाशी आमचा संबंध नाही, म्हणाले. आमचं ऑफिसही दुसऱ्यांच्या भावांबद्दल हेच सांगायचं, त्यामुळे भांडायला मला तोंड नव्हतं.

पुढे आमच्याच तालुक्यातल्या एका खलाशाकडून कळलं, की हनीफ रॉटरडॅमच्या पलीकडे, काचेच्या छपरांखाली टोमॅटो पिकवतात तिथं, कामाला लागला होता. दोन वर्षांनी मिळणारी माझी लीव्ह जवळ आली होती. एरवी मी ट्रंक भरून गावी जायचो. या खेपेला आधी हॉलंड, मग घर, असं ठरवलं. नातेवाईक नाराज झाले, कारण त्यांना टेपरेकॉर्डर हवा होता. आईनं मात्र येणाऱ्याबरोबर निरोप धाडला, "खबर घेवन ये. रिकामा येव नुको."

त्या गावांकडे बस क्वचितच जाते, सायकल घे, असं ऑफिसात येणाऱ्या एका डच इंजिनियरनं सांगितलं होतं. मी रॉटरडॅमला एक जुनी सायकल घेतली. सीट उंच, आणि हाताला ब्रेकच नाही. पायडल उलटं फिरवलं की ती थांबायची. मला चालवता चालवता पायडल उगाच उलटं फिरवायची लहानपणापासूनची खोड, त्यामुळे पहिल्याच दिवशी दोनदा तोंडावर आपटलो. इथं चढ नाहीत, असं सगळे कौतुकानं सांगत. वाऱ्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता. तो कायम समोरूनच यायचा. माझ्या खोलीवरची पोरं बुसैतीनला म्हणत असतील, भाईची चैन आहे, युरोप फिरतोय. मी काय पाहिलं तर कालवे, गायी, मैलोन्‌मैल काचा आणि बंद दारं. मी हनीफचा फोटो पुढे केला की मालक मान हलवायचे. मजूर त्याहून वाईट. त्यांच्यातल्या कितीकांकडे कागदपत्रं नव्हती. पँटशर्टातला, फोटो दाखवत फिरणारा माणूस म्हणजे पोलिसांचाच, असं समजून ते फोटोकडे न बघताच निघून जायचे.

असे बरेच दिवस गेले. एका सकाळपासून पाऊस लागला होता आणि सायकलची चेन सारखी उतरत होती. दुपारनंतर मी ठरवलं, बस झालं, उद्या परत. शहराचा रस्ता धरला आणि थोड्याच अंतरावर चेन तुटली. सायकल हातात धरून उभा राहिलो आणि मला रडू आलं, रागानंच आलं. असरची, तिसऱ्या प्रहरच्या नमाजेची, वेळ टळत होती म्हणून कालव्याच्या पाण्यानं वजू केलं, गवतावर रेनकोट अंथरला आणि उभा राहिलो. पाऊस थांबून ऊन पडलं होतं. मी सूर्याकडे तोंड केलं. कोकणात आमचा किब्ला, नमाजेत तोंड करायची काब्याची दिशा, पश्चिमेला, बहरीनमध्येही जवळपास तिकडेच. जन्मभर असरला मी कलत्या उन्हाकडेच तोंड करत आलो होतो, त्यात विचार करण्यासारखं काही असतं हे डोक्यातच आलं नाही. त्या दिवशी सजद्यात डोकं टेकवून मी म्हणालो, आता मी काही मागणार नाही, तुला करायचं ते कर. त्यात भक्ती नव्हती. मी हात झटकत होतो.

नमाज संपवून, सलाम फेरून पाहतो तर रस्त्यावर एक पिकल्या दाढीचा माणूस सायकल धरून उभा. तो मोरोक्कोचा, तिथल्याच काचांखाली राबणारा, इद्रिस त्याचं नाव. माझी गल्फची अरबी त्याला अर्धी कळे आणि त्याची मला पाव. त्यानं माझ्या खांद्याला धरून मला जवळजवळ उलटं फिरवलं. काबा तुझ्या पाठीमागे आहे, म्हणाला. मी आधी शरमलो, मग भडकलो. इतक्या दिवसांच्या माझ्या सगळ्या नमाजा समुद्राकडे गेल्या होत्या. रोज जहाजांचे मार्ग हाताळणारा माणूस मी, आणि ही अक्कल. तो हसला नाही. माझ्या तोंडाकडे बघत राहिला आणि हळू म्हणाला,

"आमच्यात एक हिंदी होता. पहिल्या दिवशी तोही असाच सूर्याकडे तोंड करून उभा राहिला होता."

मी खिशातून फोटो काढून दिला. त्यानं तो दोन्ही हातांनी धरला. "हनीफ," तो म्हणाला. मी त्याला नाव सांगितलं नव्हतं. मग त्यानं इन्ना लिल्लाही म्हटलं, कुणी गेल्याचं सांगताना म्हणतात ते, आणि मला सगळं समजलं.

पहिल्याच हिवाळ्यात तापानं छाती धरली होती. कागदपत्रं नाहीत म्हणून दवाखान्यात जायला हनीफ घाबरला आणि नेला तेव्हा उशीर झाला होता. इद्रिस आणि त्याच्या तीन सोबत्यांनी त्याला आंघोळ घातली, कफन केलं; घरचा पत्ता कुणाकडेच नव्हता, म्हणून खबर धाडता आली नाही. गावाच्या दफनभूमीत सगळ्या कबरी एका ओळीत, फूटपट्टीनं आखाव्यात तशा. तशी खोदली तर मयताचं तोंड काब्याकडे होत नव्हतं. इद्रिसला डच भाषेचे मोजके शब्द येत, तेवढ्यावर त्यानं खोदणाऱ्याशी हुज्जत घातली आणि कबर तिरकी खोदून घेतली. दुसऱ्या दिवशी मी ती पाहिली. त्या सरळ ओळींत एकटीच तिरकी, वर गवत, तेही कापलेलं.

तिथं बसून मी खूप रडलो. रडता रडता ध्यानात आलं, की त्या हिवाळ्यापासूनच्या माझ्या सगळ्या फजरच्या दुआ मातीखालच्या माणसानं सुखरूप परत यावं म्हणून होत्या. अल्लाला हे ठाऊक होतं आणि त्यानं मला मागू दिलं. याचं उत्तर मला आजही सापडलेलं नाही आणि याची कडू चव गेलेली नाही. पण दुसरी गोष्टही डोक्यातून जात नाही. माझी दिशा बरोबर असती, तर इद्रिस सलाम करून आपल्या वाटेनं निघून गेला असता. याला काय म्हणायचं ते ज्याचं त्यानं म्हणावं. मी वाद घालत नाही.

उरलेल्या लीव्हमध्ये गावी गेलो. मला एकट्याला अंगणात पाहूनच आईला कळलं. वाटेत मी मनात खूप जुळवाजुळव केली होती, बोटवाल्यांना, त्या अधिकाऱ्याला, नशिबाला, सगळ्यांना दोष द्यायची. तिनं त्यातलं काही विचारलं नाही. एवढंच म्हणाली, "त्याला गुसल कोणी दिलान?"

मयताला आंघोळ घालणाऱ्याचं नाव मी सांगितलं. ते तोंडात बसेपर्यंत तिनं माझ्याकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेतलं. मग नमाजेचा मुसल्ला अंथरला. तिच्या दुआत नावांचा क्रम ठरलेला असे: आधी आमचे वडील, मग हनीफ, मग मी. त्या दिवशी सगळ्यांच्या आधी इद्रिसचं नाव आलं. मुसल्ल्यावरून उठताना ती म्हणाली,

"म्हंजे भाव होता त्याच्याजवल."

टोमणा म्हणून नव्हे. तिच्या डोळ्यांत अल्लाचे आभार होते. मला मात्र ते काळजात बसलं ते बसलंच. सख्खा भाऊ मी, आणि पोचला तो कुठल्या कुठला मोरोक्कोचा. मी मागितलं होतं ते मिळालं नाही. जे मागायचं मला सुचलंही नव्हतं, शेवटी त्याच्याजवळ कुणी असावं, ते मी न मागताच देऊन झालं होतं. तेव्हापासून काय करायचं हे मी अल्लाला सांगत नाही. बुसैतीनच्या मशिदीत माझ्याही दुआत इद्रिसचं नाव पहिलं असतं. ते घेताना अजून दुखतं, आणि मी ते घेतो.