पथारीवरची बाई

नंदुरबारला स्टेशनामागे आमची मजुरांची वस्ती होती. मिरचीचा हंगाम आला की वस्तीतल्या बायका व्यापाऱ्याच्या पथारीवर जायच्या. पथारी म्हणजे मिरची वाळवायचं मोकळं मैदान. दिवसभर तिथं बसून देठ खुडायचे. मी लग्न होऊन आले त्याच वर्षी मिशनची एक बाई आमच्या शेजारच्या झोपडीत राहायला आली. नगरकडची विधवा, पांढऱ्या लुगड्यातली. नवापूरला मिशनच्या बंगल्याच्या आवारातली पक्की खोली सोडून आली होती. आम्हाला वाटलं, येशूची गाणी म्हणेल आणि जाईल. पण दुसऱ्या सकाळी ती आमच्या ओळीत येऊन देठ खुडायला बसली.

सासू म्हणाली, "तू शिकेल-सवरेल बाई, तुले हाई काम कसाले व?"

"तुमच्यात राहायचं तर बसून कशी खाऊ?"

संध्याकाळपर्यंत तिच्या हातांची आग आग झाली. सासूनं ताक चोळलं. बाई रडतही होती आणि हसतही होती. पुढं तिनं मला अक्षरं शिकवली, माझं बाळंतपण केलं. माझ्या मुलीला पहिली आंघोळ तिनंच घातली.

मुलगी रांगायला लागली आणि वस्तीत पटकीची साथ आली. नवरा खांडबाऱ्याकडे रेल्वेच्या कामावर गेलेला. सासू आदल्याच आठवड्यात वारली होती. शेजारपाजार शेतात पळाला. बाई तेवढी राहिली. मुलीलाही उलट्या-जुलाब सुरू झाले. पाणी उकळून चमच्याचमच्यानं मुलीला पाजत होती. दुपारी मुलगी माझ्या मांडीवरच गार पडली.

कुदळ घेऊन बाई नाल्याकाठी गेली. जमीन दगडासारखी. ती खणत होती, मी मुलीला घेऊन बसले होते.

मी ओरडले, "तुन्हा देव कोठे व्हता व?"

ती थांबली. घामानं निथळत होती. म्हणाली, "मला माहीत नाही गं." आणि परत खणायला लागली.

दुसऱ्या दिवशी तिलाच उलट्या सुरू झाल्या. मी तिला पाणी पाजलं, तिचं लुगडं बदललं. "मला इथंच ठेव," एवढंच ती म्हणत होती. मिशनची बैलगाडी आली तेव्हा ती संपली होती. त्यांनी तिला चादरीत गुंडाळून नेलं. तिचं म्हणणं मी सांगितलं, पण कुणी ऐकलं नाही.

मग नवरा आला. दारातच त्यानं विचारलं, "पोर कोठे शे?"

शेजारची झोपडी उघडीच होती. आत कुणी नव्हतं. त्याला मलाच सांगावं लागलं.