गार इंजिनाचा सौदा

“आमच्या सायानं इमानाले बैलबाजारातल्या गोऱ्ह्यावानी बसवून उठवाले लावलं. दलालानं हाकलून देल्लं, आन् पोराचा सौदा मोडला. आता जे इमान हाय ना, ते येगळं. ते पोरानं मागून सोता पाह्यलं आन् सोता घेतलं.”

माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान, आमचे जवाईबुवा, ही हकिकत रिसोडमध्ये कोणालाही ऐकवतात. त्यातला ‘साया’, म्हणजे साळा, मी; आणि ‘इमान’ म्हणजे विमान. लग्नाच्या पंगतीत ऐकवतात, न्हाव्याच्या खुर्चीत गालाला साबण लावलेला असतानाही ऐकवतात. ऐकणारे हसतात, आणि हसणारे मग माझ्याकडे येऊन “खरं का हो काका?” म्हणून विचारतात. विमान पाहिले त्या दिवशी जवाईबुवा रिसोडला होते. नागपूरच्या विमानतळावर मी होतो. मी हवाईदलात इंजिनांची दुरुस्ती केली, निवृत्तीनंतर खाजगी हँगरमध्ये तेच काम केले, आणि गावी परतलो तेव्हा माझ्या हातांचा रॉकेलसारखा वास साबणाने जात नव्हता. तेव्हा या विषयावर कोणी बोलावे आणि कोणी ऐकावे, याचा क्रम आधी ठरलेला बरा.

सौदा माझ्या भाच्याचा, म्हणजे जवाईबुवांच्याच मुलाचा होता. रिसोडच्या बाहेर त्याची डाळ मिल आहे. मोझांबिकची तूर, कॅनडाचा वाटाणा आणि आपल्याकडची तूर अशा तिन्ही मालांवर ती चालते. आफ्रिकेत खरेदीचा हंगाम लागला की त्याला तिथे शेतावर उभे राहावे लागते, आणि नेमके तेव्हाच त्याला इथेही असावे लागते. दोन-दोन विमाने बदलत तो पोहोचेपर्यंत चांगला माल दुसऱ्याच्या गोदामात गेलेला असे. म्हणून त्याने लांब पल्ल्याचे, जुने पण चांगल्या स्थितीतले बिझनेस जेट घ्यायचे ठरवले. मिल त्यासाठी तारण ठेवावी लागणार होती. विमान चुकीचे निघाले असते, तर मिल गेली असती. हे त्याला ठाऊक होते, मला ठाऊक होते, आणि माझ्या बहिणीला तर इतके ठाऊक होते की आम्ही निघालो तेव्हा ती बाहेरसुद्धा आली नाही.

नागपूरच्या रस्त्यावर मी त्याला जे विचारले ते कोणी सांगत नाही. वर्षाकाठी हे विमान किती उडणार? कमी उडणार असेल तर भाड्याने घेतलेले बरे. वैमानिक कायमचे ठेवणार की दरवेळी शोधणार? मोझांबिकमध्ये बिघडले तर सुटा भाग कुठून येणार, आणि तोवर तू कुठे बसणार? कॅनडाचा पल्ला माहितीपत्रकात एका उड्डाणाचा दाखवला होता. मी म्हणालो, “हा पल्ला मोजके प्रवासी आन् शांत हवा धरून काढेल हाय. समोरून वारा आला का वाटेत तेलासाठी उतरावं लागन.”

“उतरू ना, मामा. मोझांबिक तर एका दमात होते?”

“ते होते.”

“मंग झालं.”

विमान घ्यायला माझा विरोध होता असे म्हणणाऱ्यांनी हे संभाषण ध्यानात घ्यावे. त्याला विमानाची गरज आहे, हे मी वर्ध्याच्या अलीकडेच मान्य केले होते.

दलाल पुण्याचा होता, बोलण्यात अत्यंत मुलायम. आम्ही पोहोचलो तेव्हा विमान हँगरबाहेर उभे होते, शेपटीतले छोटे इंजिन सुरू होते आणि आतून गार वारा येत होता. त्याने भाच्याला पलंगासारखा उघडणारा सोफा दाखवला, नळाची सोनेरी तोटी दाखवली. भाचा पोरासारखा प्रत्येक कळ दाबून पाहत होता. मी आत गेलोच नाही. मी मागे गेलो आणि दोन्ही मोठ्या इंजिनांच्या तोंडाशी हात धरला. दोन्हींतून ऊब येत होती.

“इंजिने कधी चालवली?”

“तुम्ही यायच्या आधी, काका. म्हटलं, पाहुण्यांना थांबायला नको.”

“मग आज मी पाहणार नाही. आज यांना गार होऊ द्या. उद्या सकाळी माझ्यासमोर सुरू करा.”

तो हसला. “काका, हे विमान आहे. ट्रॅक्टर नव्हे.”

आता बैलबाजाराकडे येतो, कारण ती पद्धत माझ्या वडिलांची होती आणि ती मी वापरली, हे मी अभिमानाने सांगतो. वडील रिसोडच्या बाजारात उभा बैल कधी पाहत नसत. विकणाऱ्याला म्हणत, याला बसव, रवंथ करू दे. तोवर स्वतः सावलीत बसून राहत. मग बैल उठायचा, आणि वडील पहिली दोन-चार पावले डोळ्यांत तेल घालून पाहायचे. सांध्याचे दुखणे असलेला बैल उठताना अडखळतो, आणि थोडे चालला की मोकळा होतो. म्हणूनच खोड लपवणारा माणूस बैलाला सकाळपासून फिरवून आणतो. इंजिनाचेही असेच असते. दुखणारे इंजिन गरम असताना गोड चालते. हवाईदलात हेच मला मोठ्या शब्दांत शिकवले गेले, आणि मी वर्गात बसून वडिलांना आठवत होतो.

दलालाने सांगितले की उद्या दुसरे गिऱ्हाईक येणार आहे. भाचा मला बाजूला घेऊन गेला.

“मामा, कायले लाजवता मले? तो मानूस हासून राह्यला.”

“हासू दे. त्याची मिल गहाण नाई.”

“आन् दुसऱ्यानं नेलं तं?”

“तं त्याचं नशीब. तुले इमान पाह्यजे का हे इमान पाह्यजे?”

मग भाच्याने जाऊन दलालाला सांगितले, “उद्या येतो. गार असलं पाहिजे.” हे शब्द त्याचे होते. दलालाने आम्हाला हाकलले नाही. उलट चहा मागवला, आणि भाच्याने त्यात दोनदा साखर घालून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी डावे इंजिन एका दमात सुरू झाले. उजव्याने वेळ घेतला, मग त्याचे तापमान इतक्या वेगाने चढू लागले की वैमानिकाने स्वतःच ते बंद केले. मागून करडा धूर आला. पुढे बारीक कॅमेरा आत घालून पाहिले, तेव्हा इंधनाचे फवारे तुंबलेले आणि आतली पाती करपलेली दिसली. विमान बरीच वर्षे समुद्रकाठी उभे होते, हे दलालाने तेव्हा सांगितले. त्याचा मुलायमपणा गेला होता, पण माणूस म्हणून तो मला त्या क्षणी अधिक बरा वाटला. “माझ्यापासूनही हे लपवलं गेलं, काका,” तो म्हणाला, आणि मी त्यावर विश्वास ठेवला.

सौदा मोडला नाही. सौदा थांबला. मालकाने उजवे इंजिन स्वतःच्या खर्चाने पूर्ण दुरुस्त करून द्यावे, डाव्याचीही आतून तपासणी व्हावी, आणि मग गार अवस्थेत पुन्हा माझ्यासमोर सुरू करावे, ही अट भाच्याने घातली. वाटाघाटी चालू असताना, विमान बैलाच्या रीतीने पाहिले यापलीकडे घरी काही बोलायचे नाही, असे आम्ही ठरवले, आणि त्या शांततेत जवाईबुवांची हकिकत वाढली. महिने गेले. विमान आले ते नव्या पांढऱ्या रंगात, आतला सोफा बदललेला, सोनेरी तोटी गेलेली, शेपटीवरची नोंदणीची अक्षरेही नवी. जवाईबुवांनी विमानतळावर त्याच्याभोवती फेरी मारली आणि जाहीर केले, “हे दुसरंच हाय.”

भाच्याचीही एक आवृत्ती आहे. “मामाचा अंदाज बरोबर निघाला,” असे तो म्हणतो. अंदाज! ती पारख होती, आणि हे मी त्याला दरवेळी सुनावतो. पण त्याच्यावर फार वेळ रागावता येत नाही. या हंगामात तो मोझांबिकला सौदा करून आला आणि लगेच मिलवर हजर होता. मिल आता दोन पाळ्यांत चालते. मानोरा तालुक्यातल्या बंजारा तांड्यांवरची काही कुटुंबे यंदा ऊसतोडीला न जाता इथे राहिली, त्यांची मुले रिसोडच्या शाळेत बसली. बहीण आता भाचा निघाला की फाटकापर्यंत येते.

जवाईबुवांना मी मागच्या आठवड्यात त्या विमानाच्या पायरीवर उभे केले. ते म्हणाले, “दादा, रंग येगळा, सोफा येगळा, नंबर येगळा. आता कशाचं भांडता?” मी म्हणालो, चष्मा लावा. रंग मालक बदलतो, सोफा मालक बदलतो, शेपटीवरची अक्षरे सरकार बदलते. पण दाराच्या चौकटीत आतल्या बाजूला कारखान्याने ठोकलेली एक धातूची पट्टी असते, आणि तिच्यावरचा क्रमांक विमान भंगारात जाईपर्यंत कोणी बदलत नाही. विक्रीच्या करारात भाच्याने उजव्या इंजिनाची अट ज्या विमानाला घातली, त्याचा क्रमांक आणि या पट्टीवरचा क्रमांक एकच आहे.