कागद न जाणारं झाकण

सगळे त्यांना कागद मिस्त्री म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. चाळीस वर्षं सुतारकाम केलं, पण शर्टाच्या खिशात पेन्सिलीबरोबर वर्तमानपत्राची एक कापलेली पट्टी कायम असायची. सांधा जोडला की ती पट्टी फटीत सरकवून बघायची. कागद आत गेला, तर सांधा उकलून पुन्हा करायचा, मग गिऱ्हाईक दारात उभं असलं तरी. ही सवय थोरल्या मिस्त्रींची, म्हणजे ज्यांच्या हाताखाली ते शिकले त्यांची. थोरले मिस्त्री जाऊन जमाना झाला, सवय मागे राहिली. लोक पाठीमागे हसत, आणि दारं मात्र यांच्याकडूनच करून घेत.

दुनियेला दारं-कपाटं पुरवणाऱ्या या माणसाच्या घरात बायकोचं शिवणाचं सामान मात्र बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात असे. ती शेजारपाजारचे कपडे शिवायची. लग्नानंतर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी तिनं एक लाकडी पेटी मागितली होती. मिस्त्री "करू की" म्हणाले, आणि ते 'करू की' तीस वर्षं चाललं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. डब्याचं झाकण एका बाजूनं चेपलेलं. जरा धक्का लागला की खडखडत खाली. तो आवाज आला की मिस्त्री विचारत, याला झाकण म्हणायचं का? बायको विचारी, मग पेटी कधी? तिथे विषय संपे.

बाहेरची कामं कमी केली त्या वर्षी मिस्त्रींनी एकदाचं मनावर घेतलं. खाटेखाली जपून ठेवलेले तुकडे काढले. काळंभोर शिसव होतं, एका जुन्या कपाटाचं. मागच्या अंगणात उन्मळून पडलेल्या फणसाच्या झाडाच्या पिवळ्याधमक फळ्या होत्या. चिंचेच्या खोडाचा तांबूस-काळा गाभा होता. सगळं वर्षानुवर्षं वाळलेलं, टकटक वाजणारं. पेटी शिसवाची केली, कोपरे दातात दात अडकवून जोडले, खिळा एकही नाही. झाकणावर फणसाची एक पट्टी, चिंचेची एक पट्टी, अशी तिरकी नक्षी बसवली. दोन महिने लागले. त्यातले पंधरा दिवस एकट्या झाकणाचे.

झाकण असं झालं, की वर ठेवून हात सोडला की ते आतली हवा हळूहळू बाहेर सोडत खाली बसे, एखादा जाडा माणूस खुर्चीत बसावा तसं. पॉलिशवाला हा मिस्त्रींचा जुना दोस्त आणि त्याहून जुना टीकाकार. त्यानं चारही बाजूंनी कागद लावून पाहिला. कागद गेला नाही. पॉलिशवाल्यानं मुकाट्यानं पॉलिश करायला घेतलं, आणि त्याच्या तोंडून याहून मोठी स्तुती कधी कुणी ऐकली नव्हती. मिस्त्रींना वाटलं, आज थोरले मिस्त्री हवे होते.

बायकोनं पेटीवरून हात फिरवला आणि तिचे डोळे भरले. खिडकीजवळच्या फळीवर पेटी गेली. आल्यागेल्याला ती पेटी दाखवायची, आणि मिस्त्री पुढे होऊन झाकण उचलायचे, सोडायचे, मग सगळ्यांनी श्वास धरून ते बसताना बघायचं.

चार महिन्यांनी मिस्त्रींनी तेलाच्या फडक्यानं पुसायला पेटी उचलली, तर ती हलकी लागली. झाकण काढलं. आत नव्या लाकडाचा वास, आणि एक टाचणीसुद्धा नाही. तेवढ्यात आतल्या खोलीतून खडखड ऐकू आली. तोच डबा, तेच झाकण.

मिस्त्रींना ते फार लागलं. दोन दिवस ते मूग गिळून जेवले. आवडली नसेल का? की तीस वर्षं वाट बघायला लावली, त्याचा राग अजून आहे? जन्मभर लोकांसाठी केलं, घरासाठी एकच वस्तू मन लावून केली, आणि ती शोभेची ठरली. तिसऱ्या दिवशी त्यांना राहवलं नाही. त्यांनी पेटी उचलून बायकोपुढे ठेवली आणि ही रिकामी का, एवढंच विचारलं.

तिनं हातातला शर्ट खाली ठेवला. झाकणाला दोन्ही हात लावले. अंगठे घसरले. पुन्हा लावले, पुन्हा घसरले.

"पेटी उघडायला दर वेळी तुम्हाला हाक मारावी लागेल," ती म्हणाली. "मला दिवसातून वीस वेळा कात्री लागते."

"मग सांगायचंस ना."

"पाहुण्यांसमोर झाकण बसताना तुमचं तोंड बघण्यासारखं होतं हो. ते कशाला घालवू?"

मिस्त्रींनी तिचा हात हातात घेतला. अर्ध्या केसाचा फरक नखानं ओळखणारा हा माणूस. पण या बोटांची पेरं कधी सुजली, अंगठा कधीपासून नीट वाकेनासा झाला, हे त्यांना ठाऊक नव्हतं. आधी माप, मग करवत, असं जगाला शिकवत हिंडले होते. त्यांना स्वतःची लाज वाटली.

सकाळी त्यांनी लाकडातल्या फटी बुजवायच्या लांबीचा मऊ गोळा मळला आणि त्यात बायकोचा अंगठा दाबून घेतला. त्या ठशाएवढी खाच पेटीच्या पुढच्या काठाला पाडायची, आणि झाकणाची आतली कड रंध्यानं उतरवायची. पटाशी टेकवली आणि हात थांबला. एवढं जमलेलं झाकण आपल्याच हातानं ढिलं करायचं? थोरले मिस्त्री असते तर हातातून पटाशी काढून घेतली असती. मिस्त्रींनी क्षणभर डोळे मिटले आणि हातोडी मारली.

कागद त्या दिवशी खिशातच राहिला. दर वेळी बायकोला बोलवायचं, तिनं अंगठा लावायचा. "अजून," ती म्हणाली. पुन्हा रंधा. "अजून थोडं." तिसऱ्या खेपेला एकाच अंगठ्यानं झाकण वर आलं. मिस्त्री बघतच राहिले. इतका आनंद त्यांना पंधरा दिवस खपून झाकण जमलं तेव्हाही झाला नव्हता. संध्याकाळपर्यंत कात्री, बटणं, रिळं, सगळं पेटीत राहायला आलं.

मोकळा झालेला डबा मिस्त्रींनी स्क्रूंसाठी नेला. त्याचं झाकण एका हातानं पटकन निघतं, हे त्यांनी घरात कुणाला सांगितलं नाही.

पुढच्या आठवड्यात पॉलिशवाला आला. खाच बघून त्याचा चेहरा पडला. त्यानं मिस्त्रींच्याच खिशातली पट्टी काढली आणि झाकणाखाली घातली. ती सरळ आत गेली.

"मिस्त्री, कागद जातोय की."

"जाऊ दे," मिस्त्री म्हणाले. "तिचा अंगठाही जातो."