व्हरांडा नसलेलं वाचनालय

मुलुंडच्या आमच्या वाचनालयाचा इतिहास सांगायचा, तर आधी तो व्हरांडा सांगायला हवा. बाकी इमारतीत काय होतं डोंबल! कुणा शेटजीने कधीकाळी बांधून दिलेली बैठी, कौलारू वास्तू. आत कुलूपबंद कपाटं आणि पुस्तक मागितलं की घरची भांडी उसनी द्यावी लागल्यासारखं तोंड करणारा ग्रंथपाल. पण पुढे लांबलचक व्हरांडा होता. शहाबादी फरशी, लाकडी बाक, उतरत्या फळ्यांवर लावलेले पेपर. कुणीही यावं, वाचत बसावं.

गिरणी बंद पडली आणि बाबा घरी बसले. चाळीतल्या एका खोलीत दिवसाढवळ्या बसलेला पुरुष म्हणजे शेजाऱ्यांना फुकटचा तमाशा. म्हणून बाबा रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून व्हरांड्यात जाऊन बसायचे, ते थेट जेवायला परत. कामावर गेल्यासारखे. तेवढीच अब्रू उरली होती त्यांची.

मग कमिटीला सुधारणेची हुक्की आली. जुनी इमारत पाडली. नवा आराखडा अध्यक्षांच्या जावयाचा. त्या दिवट्याने काय बांधावं? खाली सभागृह, म्हणजे लग्नांना भाड्याने द्यायचा हॉल. दर्शनी भिंतीवर देणगीदारांच्या संगमरवरी पाट्या इतक्या, की खिडक्यांना जागाच उरली नाही. वाचनालय वर, केटररच्या पातेल्यांच्या खोलीला लागून. भर दुपारी ट्यूबलाइट. आणि व्हरांडा? उद्घाटनाच्या भाषणात सेक्रेटरी छाती फुगवून म्हणाले, "फुकट्यांचा अड्डा होता तो. आम्ही बंद केला!" टाळ्या पडल्या. वाचणाऱ्यांना हाकलून वाचनालय बांधणारी ही माणसं! लाज नाही मेल्यांना.

बाबा मागच्या रांगेत बसून ऐकत होते.

आता नुसता पेपर चाळायलाही सभासद व्हावं लागे, आणि अर्जावर दोन 'प्रतिष्ठित' सभासदांची शिफारस हवी. म्हटलं, "बाबा, मी आणते सह्या."

"नको गो," ते म्हणाले. "सध्या काय करता म्हणान इचारतीत. काय सांगू मी?"

तरी रोज सकाळी ते शर्ट घालून निघतच राहिले. आईला वाटे, वाचनालयातच जातात. एकदा मी कॉलेजातून लवकर सुटले, तर बसस्टॉपच्या बाकावर बाबा. बस आली, थांबली. त्यांनी हातानेच 'जा' अशी खूण केली. बस गेली.

मी जवळ पोचते न पोचते तोच समोरून सेक्रेटरी आले. "काय हो, हल्ली वाचनालयात दिसत नाही? एवढी इमारत बांधली आम्ही तुमच्यासाठी!"

अशी तळपायाची आग मस्तकात गेली! चारचौघांत त्याला धुवून काढणार होते मी. पण त्याआधीच बाबा घाईघाईने उठून उभे राहिले आणि त्यांनी त्या माणसाला हात जोडले.

"येईन की साहेब," ते म्हणाले. "झकास झालीय हो इमारत."