सात सीटच्या गाडीबाहेर

"हात वर कर."

केले.

"तोंड उघड."

उघडलं.

चाकणच्या एका कंपनीच्या आवारात, भर उन्हात, माणसांसमोर. साहेबांनी मान पुढं केली, माझ्या तोंडाचा वास घेतला आणि माझ्या मालकाकडं वळून म्हणाले, "दात बरे आहेत ह्याचे."

माझे दात. मालकाला सांगितलं. गाडीचे टायर बरे आहेत, असं सांगावं तसं.

त्या दिवशी तिथं तीन मोठ्या गाड्या ओळीनं लावल्या होत्या. तिन्ही पांढऱ्या, तिन्ही सात सीटच्या, तीन वेगवेगळ्या ट्रॅव्हल्सवाल्यांच्या. एक आमची भोसरीची, एक पुनावळ्याची, एक दिघीची. कंपनीत परदेशातून पाहुणे येतात. त्यांच्यासाठी वर्षभर एक मोठी गाडी भाड्यानं ठेवायची होती. कुणाची ठेवायची, ते अॅडमिनचे साहेब बघत होते. वय माझ्याएवढंच. बोलणं एकदम हळू, सभ्य. कधी आवाज चढला नाही त्यांचा, हे आधीच सांगून ठेवतो.

साहेब मधल्या सीटवर बसून पाय लांब करून बघायचे. मग पार मागं जाऊन गुडघे अडतात का बघायचे. एसीची हवा शेवटपर्यंत येते का, म्हणून तळहात धरायचे. डिकीत दोन बॅगा आडव्या टाकायला लावल्या. गाडीचा वास घेतला. गाडीचा झाला की ड्रायव्हरचा.

दिघीच्या गाडीवर एक म्हातारे ड्रायव्हर होते. सगळे त्यांना काका म्हणायचे. साताऱ्याकडचे. साहेब त्यांच्यापाशी आले तेव्हा काकांनी न सांगताच तोंड उघडलं आणि म्हणाले, "पान खातो साहेब. लालच दिसंल."

साहेब हसले नाहीत. पुढं गेले. काका माझ्या कानाजवळ म्हणाले, "शेपूट बघायची राहिली का रं?"

बाकीचे ड्रायव्हर हसले. मीपण हसलो. हसताना तोंड किती उघडावं ते कळेना.

साहेबांनी मला गाव विचारलं. हिंगोलीकडचं सांगितलं. मग आडनाव विचारलं. तेही सांगितलं.

"अच्छा," साहेब म्हणाले.

ह्या अच्छाचा अर्थ मला शाळेत असल्यापासून कळतो.

माझे मालक मध्ये पडले. त्यांना आम्ही दादा म्हणायचो. भोसरीचं जुनं घराणं. शेतं गेली, तिथं शेड उभे राहिले, शेडच्या भाड्यावर गाड्या आल्या. दादा म्हणाले, "पोरगं निर्व्यसनी हाय साहेब. गरीब हाय. शब्दाबाहेर जायाचं न्हाई."

मग साहेबांनी अट सांगितली. पाहुणा मीटिंगला आत असेल तेव्हा ड्रायव्हरनं गाडीत बसायचं नाही. बाहेर उभं राहायचं. मागच्या दाराजवळ. कारण ड्रायव्हर लोक एसी लावून झोपतात, सीटला घामाचा वास बसतो, आणि पाहुणा बाहेर आला की त्याला गाडी शोधावी लागते. ड्रायव्हर उभा असला म्हणजे लांबून दिसतो.

पुनावळ्याचा मालक म्हणाला, दिवसभर कसं जमेल? दिघीचा म्हणाला, विचारून सांगतो.

दादांनी कुणाला विचारलं नाही. मी तर शेजारीच होतो. ते म्हणाले, "ऱ्हाईल की उभा. सवय हाय त्याला."

गाडी आमची लागली.

परतताना दादा खूश होते. गाडी थांबवून चहा पाजला, वर वडापाव. म्हणाले, "आता बायको-पोरीला घिऊन ये. वरची खोली तुझीच. पोरीला हितंच शाळेत घाल."

मला रडूच आलं. खोटं कशाला सांगू. दादांचे उपकार मोठे होते. माझी शाळा आठवीत सुटली. वडील गेले, आई एकटी, खालची दोन भावंडं. चुलतभावाबरोबर भोसरीला आलो. वर्कशॉपमध्ये हेल्पर झालो, मग प्रेस मशीनवर, मग ठेकेदारानं एक दिवस गेटवरच सांगितलं, उद्यापासून येऊ नको. तेव्हा दादांनी मला गाड्या धुवायला ठेवलं. गाडी शिकवली. लायसन काढून दिलं. गॅरेजच्या वरची खोली दिली, भाडं पगारातून कापून. दादांबद्दल कुणी वाकडं बोललं की मी भांडायचो.

म्हणून "सवय हाय त्याला" हे मी ऐकलं, आणि गिळलं. बायकोला फोन करून फक्त खोलीचं सांगितलं. ती म्हणाली, "खरं का? दाराला कडी हाय ना?" मी म्हटलं, कडी आहे, खिडकी आहे, खाली नळ आहे. पोरीला फोन दिला तर ती विचारती, "बाबा, गाडी किती मोठी हाय?" म्हटलं, आपलं सगळं घर बसंल एवढी.

मग मी उभा राहायला लागलो.

पाहुण्याला हॉटेलवरून आणायचं, कंपनीत सोडायचं, गाडी पार्किंगला लावायची आणि उतरायचं. उतरताना माझ्या सीटवर पांढरा टॉवेल टाकायचा, सीट झाकायला. गाडी चालवताना तो टॉवेल डिकीत ठेवायचा, पाहुण्याला दिसायला नको. मी चालवत असेन तेव्हा माझी पाठ चालते. मी नुसता बसलो तर वास बसतो. हे गणित मला कधी सुटलं नाही. मी विचारलंही नाही.

खाली सिमेंटचे ब्लॉक. वर सावली नाही. उन्हाळ्यात बुटाच्या तळातून चटका यायचा. पावसात छत्री धरायला परवानगी होती, पण छत्री पाहुण्याला लागायची म्हणून कोरडी ठेवायची. संध्याकाळी बूट काढले की मोज्याची वीण पोटरीत रुतलेली असायची. जिना चढताना कठड्याला धरून चढायचो. पोटरीला तेल लावून पडायचो.

गेटवरच्या गार्डला खुर्ची होती. कुत्र्याला गार्डच्या खुर्चीखाली जागा होती.

दिघीवाल्यांना मोठ्या गाडीचं काम मिळालं नव्हतं, पण साहेब लोकांची ने-आण करायला त्यांची एक लहान गाडी लागली होती. त्यावर काका यायचे. लहान गाडीला नियम नव्हता. काका दार उघडं टाकून आत बसायचे, पाय बाहेर सोडून. त्यांना शुगर. पाय सुजून बूट घालता येत नसत, म्हणून वरून बूट दिसतील अशा काळ्या चपला घालायचे.

"ये रं, बस जरा. तो काय दुर्बीण लावून बघतोय व्हय?"

"कॅमेरा आहे काका."

"मंग कॅमेऱ्याला तोंड उघडून दाखव."

मी जायचो नाही. मला भीती होती. खोली, शाळा, बायको-पोरीचं येणं, सगळं त्या उभं राहण्यावर टांगलेलं. एकदा तर एका म्हाताऱ्या गोऱ्या पाहुण्यानं स्वतः गाडीकडं बोट केलं, सीटवर थोपटून दाखवलं. बस म्हणाला. मी हसून मान हलवली. माझी नोकरी त्याच्या हातात नव्हती.

आमचा आजा गावात स्वतःच्या ओट्यावर बसलेला असायचा. वरच्या आळीतलं कुणी रस्त्यानं निघालं की तो उठून उभा राहायचा. ते माणूस लांब जाईपर्यंत. कुणी त्याला उठ म्हणत नसे. मी लहान होतो, मला राग यायचा. आजाचा राग यायचा, त्यांचा नाही. पार्किंगमध्ये उभं असताना तो ओटा रोज डोळ्यासमोर यायचा. मी स्वतःला समजवायचो, ते वेगळं होतं. इथं जातबीत काही नाही. इथं कंपनी आहे. इथं नियम आहे.

समजवत समजवत वर्ष गेलं.

बायको-पोरगी अजून आली नव्हती. दादा म्हणायचे, कंपनीचं काम पुढच्या वर्षाला पक्कं होऊ दे, मग आण. पोरीची शाळा जूनमध्ये सुरू होणार होती. आणि वर्ष संपताना साहेबांनी पुन्हा ट्रॅव्हल्सवाले बोलावले. पाहुणे वाढले होते, आता मोठ्या गाड्या दोन हव्या होत्या. पुन्हा तेच आवार, पुन्हा गाड्यांची ओळ. दिघीवाल्यांनी नवीन गाडी घेतली होती, मधल्या सीट वेगवेगळ्या, पाय ठेवायला खाली पाट. तिच्यावर काका.

साहेबांना ती गाडी आवडली. मागं बसून आले, पुढं बसून आले. मग दिघीच्या मालकाला म्हणाले, "गाडी उत्तम आहे. पण तुमचा माणूस बसून असतो, मी बघतो रोज. हा बघा." आणि माझ्याकडं बोट केलं. "वर्षभर एक दिवस बसलेला दिसला नाही. ह्याला जमतं, तर काकांना का जमू नये?"

माझ्याकडं बोट.

दादांनी माझ्या पाठीवर थाप मारली. सगळ्यांसमोर. "आमचा माणूस हाय," म्हणाले.

दिघीचा मालक काकांकडं न बघता म्हणाला, "जमवतील की. काका, जमवाल ना?"

काका गाडीला टेकून उभे होते. एक पाय उचलून दुसऱ्यावर ठेवलेला. एक तरी टोमणा मारतील म्हणून मी वाट बघत होतो. मारला नाही.

साहेब हळू आवाजात म्हणाले, "काका, गाडीला टेकायचं नाही."

काका बाजूला झाले. दोन्ही पायांवर उभे राहिले. हात मागं बांधले, अगदी मी बांधतो तसे.

वर्षभर मला वाटत होतं, मी सोसतोय, माझ्या घरासाठी सोसतोय, दुसऱ्या कुणाचं काही जात नाही. आणि इथं माझ्या पायांचं माप घेऊन म्हाताऱ्याला उभं केलं जात होतं. दादा गाडी भाड्यानं देत नव्हते. गाडी तर सगळ्यांकडंच होती. दादा माझं उभं राहणं भाड्यानं देत होते. आणि ते त्यांना फुकटात पडत होतं.

मी आमच्या गाडीचं दार उघडलं. टॉवेल टाकला नाही. बसलो.

दार उघडंच ठेवलं. दिसावं म्हणून.

साहेबांनी दादांकडं बघितलं. मला काही बोलले नाहीत, गाडी लागल्यापासून ते माझ्याशी बोलतच नसत.

दादा आले. आधी हसून म्हणाले, "आरं, काय झालं? चक्कर आली का?"

"नाही दादा. बसलोय."

"उतर खाली."

"नाही."

"येडा झाला का काय? खाली उतर आधी!"

"पाय दुखतात दादा. वर्षभर दुखतात."

दादा वाकून, दात आवळून म्हणाले, "तुला खोली कुणी दिली? लायसन कुणी काढून दिलं? ईसरला व्हय रं?"

"तुम्ही दिलं. विसरलो नाही. मरेपर्यंत विसरणार नाही." मी स्टिअरिंग धरून ठेवलं होतं. "पण काकांना माझं नाव सांगून उभं करू नका. मी उभा राहत नाही आता. माझं उदाहरण देऊ नका."

"तुमची जातच..." दादा एवढंच बोलले आणि थांबले. साहेब होते ना समोर.

एवढ्या वर्षांत पहिल्यांदा बोलले ते. मला धक्का बसायला पाहिजे होता. बसला नाही. एकदम थकवा आला फक्त. वाटलं, चला, हे पण आत होतंच.

मी म्हणालो, "काका, बसा तुम्ही."

काका बसले नाहीत. जमिनीकडं बघत राहिले.

दादांनी हात पुढं केला. मी किल्ली दिली. बसल्या जागेवरून दिली. मग उतरलो, आणि गेटपर्यंत चालत गेलो. गार्डनं विचारलं, गाडी कुठंय? मी सांगितलं, आहे आत.

खोली त्याच आठवड्यात सोडली. आता दिघीत चार पोरांबरोबर राहतो. काका एकदा रस्त्यात भेटले. वाटलं, पाठ थोपटतील. ते म्हणाले, "कशाला केलंस राव? आता मोठ्या गाडीवरबी आन लहान गाडीवरबी मलाच धरतात. तुझ्याजागी दुसरा पोरगा आलाय, तोबी उभाच ऱ्हातो." रागानं नाही म्हणाले. दमलेले होते. माझ्या खांद्याला धरून चपलेतला खडा काढला आणि गेले. त्यांना मी काय सांगणार? त्यांच्या घरी सून आहे, नातू आहे. त्यांचं खोटं नाही.

बायकोला सगळं खरं सांगितलं. ती म्हणाली, "लेकरू बॅग भरून बसलंय. मी काय सांगू तिला?"

म्हटलं, "सांग, बाबाची गाडी गेली."

"आन का गेली इचारलं तर?"

"तेपण सांग. लहान हाय म्हणून झाकू नको."

पोरगी गावच्याच शाळेत गेली. हे माझ्या काळजाला लागलंय, आणि लागलेलंच राहू दे.

आता मी कामासाठी ट्रॅव्हल्सवाल्यांकडं फिरतो. ते माझं लायसन बघतात, गाव विचारतात, आडनाव विचारतात. मी सांगतो. मग मी विचारतो, पाहुणा आत असताना ड्रायव्हरनं कुठं बसायचं? काही जण हसतात. एकानं मला बाहेर काढलं. एक म्हणाला, कंपनी सांगेल तसं. मी उठलो तिथून. भीती वाटते, रोज वाटते.

पण विचारल्याशिवाय कुणाची किल्ली हातात घेणार नाही. ओझं उचलायला उभा राहीन, चाक बदलायला उन्हात गुडघ्यावर बसेन. कुणाची रिकामी सीट कोरी राहावी म्हणून उभा राहणार नाही. आणि माझ्याकडं बोट दाखवून कुणी दुसऱ्याला उभं करत असेल, तर तिथंच, सगळ्यांच्या देखत, खाली बसेन.