कोप्यांवरची खिचडी

निपाणीत तंबाखूच्या वखारींच्या मागं तांबोळ्यांचं घर आहे. त्या घरातली मेहजबीन एका खासगी शाळेत विज्ञान शिकवते. पोरं तिला जबीन टीचर म्हणतात. घरात दखनी, गल्लीत मराठी आणि शाळेत कन्नड, अशा तीन भाषांत तिचा दिवस जातो. वडील लवकर गेले. आई खैरूननं विड्या वळून तिला बी.एस्सी. केलं.

गेल्या रमजानात शाळेला जाताना जबीनला मशिदीजवळच्या कोपऱ्यावर रोज एक ढीग दिसायचा. अर्धी चावलेली भजी, कलिंगडाच्या फोडी, चिखलात पडलेला खजूर. घरी येऊन तिनं आईला सांगितलं, तेव्हा खैरून म्हणाली, "आमच्या लहानपणी पहाटे सहेरीला शिळी भाकरी आणि कोरा चहा असायचा. टाकायला काही नव्हतंच. आता अल्लानं दिलंय, तर सांभाळता येत नाही."

ते बोलणं जबीनच्या मनातून गेलं नाही. यंदा रमजानचा चाँद दिसायच्या आधीच ती गल्लीतल्या चार-पाच पोरापोरींना घेऊन जमातीचे सदर, म्हणजे अध्यक्ष, बाबालाल मकानदार यांच्या दारात गेली. बाबालालचाचा तापट माणूस.

"रोजेदाराच्या पुढ्यातलं काढून तू बाहेर वाटणार व्हय?" त्यांनी विचारलं.

"पुढ्यातलं न्हाय चाचा. उकिरड्यावर जातंय तेवढंच. इफ्तारीला दहा जिन्नस कशाला लागतात? खजूर, फळं आणि एक गरम पदार्थ पुरे की. उरलेल्या शिध्यात ऊसतोडीच्या कोप्यांवर रोज एक हंडा खिचडी जाईल."

चाचा म्हणाले, "करा. पण काही वाकडं झालं तर जबाबदारी तुझी. जमातीचं नाव मध्ये येता कामा नये."

"माझी," जबीन म्हणाली.

सदलग्याच्या रस्त्याला माळावर बीडकडच्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या उतरल्या होत्या. उसाच्या पाचटाच्या झोपड्या, म्हणजे कोप्या, आणि दारात बैलगाड्या. तिथल्या कुणाला संकोच वाटू नये म्हणून जबीननं भांडी वेगळी ठेवली आणि खिचडी साधी, डाळ-तांदळाची आणि भाजीची. शेजारचा भरमा आपल्या टेम्पोतून ती पोचवायचा. जबीन रोजा सोडायच्या आत परत यायची.

पहिल्या दिवशी टोळीतल्या थोरल्या मनुबाईनं हंड्याकडं संशयानं बघितलं. "कशापायी देताव, ताई? मतं मागायला आलाव का?"

"न्हाय हो. आमचा उपासाचा महिना आहे. दिवसभर पोटात काही नसलं की भूक कळते. कळल्यावर नुसतं बसून कसं चालेल?"

"आम्हाला बारमाही कळतीया," मनुबाई म्हणाली आणि हसली. मग तिनं आपल्या नातीला, राणीला, ताट आणायला धाडलं.

निम्मा रमजान असा सुरळीत गेला. मग एका रविवारी, ऊन चढायच्या सुमाराला, भरमा धावत दारात आला. त्याचा चेहरा उतरला होता.

"जबीनआक्का, कोप्यांवरची पोरं उलट्या करायला लागलीत. सहा पोरं. सरकारी दवाखान्यात आणलंय. लोक म्हणायला लागलेत, कालची खिचडी बाधली म्हणून. मोबाईलवर बी फिरतंय."

काल तांदूळ जबीननं स्वतः धुतला होता, डाळ निवडली होती. पाणी? तेल? तिला काहीच आठवेना.

भरमा हळू आवाजात म्हणाला, "आक्का, हंडा घासून ठेव. कुणी इचारलं तर म्हणायचं, आम्ही काल गेलतोच न्हाय. लई इपरीत बोलतील लोक. तुम्हा लोकांस्नी तर जास्तच."

खैरून चुलीपाशी उभी होती. ती मुलीकडं बघत होती.

फ्रिजमध्ये कालची वाटीभर खिचडी उरली होती. जबीननं ती डब्यात भरली, ओढणी डोक्यावर घेतली आणि टेम्पोत जाऊन बसली. "चल दवाखान्यात."

वाटेत भरमा पोटावर हात ठेवून म्हणाला, "आक्का, काल मी बी दोन ताटं हाणलीत. आता मलाच कसंतरी व्हायला लागलंय." जबीनला रडावं की हसावं कळेना.

दवाखान्याच्या व्हरांड्यात गर्दी होती. ती आत शिरताच कुणीतरी म्हणालं, "हीच ती." पाय मागं फिरतायत असं तिला वाटलं, पण ती सरळ डॉक्टर प्रियदर्शनींच्या टेबलापाशी गेली आणि डबा पुढं ठेवला.

"मॅडम, काल कोप्यांवर मी जेवण दिलं होतं. हे त्यातलंच आहे. तपासायला पाठवा. माझं नाव मेहजबीन तांबोळी, मी इथंच थांबते."

डॉक्टरांनी मान वर करून तिच्याकडं नीट बघितलं. "हे जेवण कुणी कुणी खाल्लं होतं?"

"सगळ्यांनी. मोठ्या माणसांनी पण."

"मग मोठी माणसं बरी कशी? आणि रात्र शांत जाऊन पोरांना आज सकाळीच उलट्या का लागल्या?" डॉक्टर उठून खाटांकडं गेल्या. "मनुबाई, सकाळी पोरं कुठं होती?"

"आम्ही उसाच्या फडात गेलतो. पोरं बांधाला खेळत होती."

राणी आजीच्या मांडीवर मलूल पडली होती. डॉक्टरांनी विचारलं, "बाळा, बांधावर काय खाल्लंस?" पोरीनं हात खिशावर दाबून धरला. मनुबाईनं तिच्या झग्याचा खिसा चाचपला, तशा चार-पाच काळ्या लांबट बिया तिच्या तळहातावर आल्या.

"शेंगदाण्यावाणी लागत्यात," राणी पुटपुटली.

"चंद्रज्योत," डॉक्टर म्हणाल्या. "मोगली एरंड. कुंपणाला लावतात ते झाड. या बियांनी अशाच उलट्या होतात. सलाईन चालू आहे, पोरं वेळेत आलीत. आज इथंच ठेवू, उद्या घरी जातील. आणि तुमच्या डब्यात मला तरी काही वावगं दिसत नाही."

जबीन भिंतीला टेकून खाली बसली. तिचे डोळे वाहत होते. मघाशी 'हीच ती' म्हणणारा माणूस खाली बघत बाहेर निघून गेला.

मनुबाई उठून व्हरांड्यात गेली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "त्या ताईच्या अन्नानं काय झालं नाय. आमच्याच पोरांनी बांधावरचं इख खाल्लं. उगं कुणाला नावं ठिवू नका." भरमानं ते मोबाईलवर टिपलं आणि जिथून खिचडीची बातमी आली होती, तिथंच पाठवून दिलं. त्याचं पोटही एव्हाना बरं झालं होतं.

तेवढ्यात बाबालालचाचा काठी टेकत आले. कुणीतरी त्यांना अर्धीच बातमी सांगितली होती. जबीन घाईनं उठली. "चाचा, आपल्या जेवणाचं न्हाय झालं. आणि मी तुमचं नाव कुठं घेतलं नव्हतं."

"माहीत आहे," चाचा म्हणाले. "म्हणूनच आलो. सदर मी आहे. पोरीला एकटीला पुढं करून मी घरात बसलो, तर रोजा कशाचा?" बोलता बोलता ते राणीच्या खाटेपाशी बसले आणि तिच्या आजीला विचारलं, "पोरीला आता खायला काय चालतं?"

"डॉक्टरीणबाई म्हणत्यात, मऊ भात."

दुपारभर जबीन तिथंच राहिली. पोरं एकेक करून शुद्धीवर आल्यासारखी किलबिलायला लागली. तिसऱ्या प्रहरी मनुबाईनं तिला बाजूला घेतलं. चाचरत म्हणाली, "ताई, एवढं झालं, आता तुम्ही येणार नाय ना?"

"का न्हाय येणार?"

"नाय, बाया इचारत होत्या. फडातून दमून येत्यात. हंडा आला की चूल पेटवावी लागत नाय."

त्या संध्याकाळी टेम्पोत दोन भांडी चढली, एक कोप्यांसाठी खिचडीचं आणि एक दवाखान्यातल्या पोरांसाठी मऊ भाताचं. भरमाच्या शेजारच्या सीटवर बाबालालचाचा बसले होते. मागं हंड्याला टेकून जबीन बसली. वारा तोंडावर येत होता आणि कितीतरी दिवसांनी तिला झकास भूक लागली होती.