मिस्त्रींची फुंकर

जतकडच्या आमच्या गावात वडिलांची पिठाची गिरणी डिझेल इंजिनावर चाले. इंजिन बिघडलं की सांगलीहून एक मिस्त्री एसटीने येत. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. खोललेला प्रत्येक भाग रॉकेलात धुऊन ते क्रमाने पोत्यावर मांडत. पोतं कुणी ओलांडलं तर ओरडत, "आवं, देवघर हाय त्ये!" तेल जायचं भोक मोकळं झालं का, हे मात्र मालकानेच सांगायचं. एका बाजूने मिस्त्री फुंकत आणि दुसऱ्या बाजूला मालकाने हात धरायचा.

मी कॉलेजातून सुट्टीला आलो तेव्हा गिरणी बंद होती. ज्वारीची गाठोडी घेऊन बाया दारात खोळंबल्या होत्या.

मिस्त्रींनी गाल फुगवून फुंकलं. "आलं का वारं?"

"आलं, आलं. जोडा आता," वडील घाईने म्हणाले.

मिस्त्री माझ्याकडे वळले. "कालेज, तू गाल लाव रं."

मी गाल लावला, त्यांनी पुन्हा फुंकलं. काहीच जाणवेना. भोक बुजलेलं राहिलं तर इंजिन तेलावाचून जळणार होतं. पण सगळ्यांदेखत वडिलांना खोटं कसं पाडायचं?

"नाही येत," मी कसाबसा म्हणालो.

मिस्त्री वडिलांकडे वळून हसले. "आवं, गिरणीच्या दगडाला टाकी मारून तुमचा हातबी दगूड झालाय. त्याला काय कळायचं?"

त्यांनी तार घालून काळा मळ बाहेर काढला आणि पुन्हा तोंड लावलं. या वेळी वडिलांनी हात पुढे केला नाही. ते खाली वाकले आणि त्यांनी गाल लावला.